नाताळच्या पाटीवर काय लिहावं?

प्रश्न: टिळकवाडीत आमची लहानशी अपार्टमेंट आहे. बहुतेक घरं मराठी, काही कन्नड, दोन ख्रिस्ती. दर डिसेंबरात जिन्यापाशी तारा लागतो, मुलं येशूजन्माचा गोठा मांडतात आणि २४ तारखेला संध्याकाळी आम्ही सगळे मिळून केक कापतो. यंदा कमिटीत कुणीतरी सुचवलं की बोर्डावर ‘नाताळ’ नको, ‘वर्षअखेर स्नेहमेळावा’ लिहू, म्हणजे कुणाला खटकणार नाही. माझा मुलगा न्यू जर्सीला असतो. तो म्हणाला, बरोबरच आहे, आमच्या ऑफिसातही ‘मेरी ख्रिसमस’ म्हणत नाहीत, ‘हॅपी हॉलिडेज’ म्हणतात. मला हे पटलं नाही, पण त्याला उत्तरही देता आलं नाही. तुम्हाला काय वाटतं?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर: ताई, बोर्डावर ‘नाताळ’च लिहा. मोठ्या अक्षरात लिहा.

तुमचा मुलगा जिथं राहतो तिथलं त्याचं म्हणणं बरोबर आहे, आणि ते का बरोबर आहे हे कळलं की इथं ते का लागू होत नाही हेही कळेल. अमेरिकेत ख्रिस्ती लोक बहुसंख्य. २५ डिसेंबरची सुट्टी तिथं १८७० पासून केंद्र सरकारच्या कायद्यात आहे. त्याच सुमारास ज्यूंचा हनुक्का येतो, शिवाय हिंदू, मुसलमान आणि कुठलाच धर्म न मानणारेही पुष्कळ. दुकानातल्या मुलीला समोरचं गिऱ्हाईक कोण ते ठाऊक नसतं, म्हणून ती सगळ्यांना चालेल अशी शुभेच्छा देते. ज्यांचा सण सगळीकडे दिसतोच आहे, त्यांनी थोडं सरकून दुसऱ्याला जागा द्यायची, असा तो शिष्टाचार. तो चांगला आहे. मुलाला सांगा, तिथं तसंच म्हणत जा.

तिथले कोर्टातले वाद सरकारी जागेत काय मांडावं यावरून झाले. १९८९ साली पिट्सबर्गच्या एका प्रकरणात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कोर्टाच्या इमारतीत जिन्यावर नुसता गोठा मांडणं बरोबर नाही, कारण त्यातून सरकारनं एक धर्म उचलून धरल्यासारखं दिसतं. दुसऱ्या एका सरकारी इमारतीबाहेर ख्रिसमसच्या झाडाशेजारी ज्यूंचा दीपवृक्ष होता, तो मात्र राहू दिला. तुमचा जिना काही कोर्टाचा जिना नव्हे.

आणि नाव बदलल्यानं सगळे खूश होतात, असंही तिथं झालेलं नाही. कॅनडातल्या हॅलिफॅक्स शहरात १९१७ साली बंदरात भयंकर स्फोट झाला, तेव्हा बॉस्टननं मदत पाठवली. त्याची आठवण म्हणून नोव्हा स्कोशिया प्रांताकडून बॉस्टनला दरवर्षी ख्रिसमसचं झाड येतं. २००५ मध्ये बॉस्टनच्या पालिकेनं त्याला ‘हॉलिडे ट्री’ म्हटलं आणि ज्यानं ते झाड दिलं होतं तोच माणूस नाराज झाला. इंग्लंडात बर्मिंगहॅम पालिकेनं १९९७ आणि १९९८ मध्ये हिवाळ्यातल्या सगळ्या कार्यक्रमांना मिळून ‘विंटरव्हल’ असं एक नाव दिलं. त्यात ख्रिसमस होता, झाड होतं, सगळं होतं. तरी ‘ख्रिसमसवर बंदी आली’ अशी आवई उठली आणि ती पुढं कित्येक वर्षं छापली जात राहिली. एका मोठ्या वृत्तपत्राला तर २०११ मध्ये खुलासा करावा लागला. खरी बंदी आणली होती ती कडव्या ख्रिस्त्यांनीच: मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन मंडळींनी १६५९ साली. नाताळ पाळला तर पाच शिलिंग दंड! ती बंदी १६८१ मध्ये उठली.

आता तुमच्या इमारतीकडे या. इथं दोन घरं ख्रिस्ती, बाकी सगळे आपण. नाव पुसलं तर मागं कोण सरकतं? तीच दोन घरं. बहुसंख्यांनी दाखवायची नम्रता उचलून अल्पसंख्यांच्या सणाला लावली की तिचा अर्थच उलटा होतो. आपल्या गल्लीतल्या गणपतीला ‘भाद्रपद स्नेहमेळावा’ म्हणा असं त्या दोन घरांनी कधी सुचवलं का? शिवजयंतीच्या चित्ररथांची मिरवणूक मध्यरात्र उलटून गेली तरी चाललेली असते. ती पाहायला कॅम्पातली, म्हणजे छावणी भागातली, ख्रिस्ती माणसं येतात, पोरं खांद्यावर घेऊन उभी राहतात.

मला हे लागतं, कारण मी बेळगावची मराठी बाई आहे. आपण इथं काय मागतो? आमच्या भाषेत परिपत्रक द्या, बोर्डावर आमची अक्षरं राहू द्या. बोर्डावर साठ टक्के कन्नड हवं असा कायदा २०२४ मध्ये आला, तेव्हा आपल्या घराघरांत काय बोलणं झालं ते तुम्हीही ऐकलं असेल. आपलं नाव पुसलं की काय होतं हे ज्यांना पुरतं ठाऊक आहे, त्यांनी शेजाऱ्याचं नाव पुसू नये. कमिटीत हे एवढंच बोला. कन्नड घरांनाही कळेल.

आणखी एक. हा सण परका, ही समजूत काढून टाका. लंडन मिशनचे लोक बेळगावात १८२० साली आले. कॅम्पातलं सेंट मेरी चर्च दीडशे वर्षांहून जुनं आहे. बेळगावचा कॅथलिक धर्मप्रांत १९५३ सालचा. येशूच्या जन्माची कथा मराठी ओव्यांत फादर स्टीफन्स या इंग्रज पाद्र्यानं ‘ख्रिस्तपुराणा’त सांगितली, आणि तो ग्रंथ १६१६ साली इथून जवळच, गोव्यात राशोलला छापला गेला. तेव्हा शिवाजी महाराजांचा जन्मही व्हायचा होता.

मी कॅम्पातल्या शाळेत शिकवत होते तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये एक कोकणी बोलणाऱ्या बाई होत्या. २६ तारखेला डब्यात नेवऱ्या आणि कुलकुलं घेऊन यायच्या. एका वर्षी शाळेच्या कार्यक्रमाचं नाव असंच गुळमुळीत ठेवलं गेलं. बाई काही बोलल्या नाहीत. नंतर माझ्याजवळ एवढंच म्हणाल्या की माझ्याच सणाला मी पाहुणी असल्यासारखं वाटलं. त्या वर्षी डबा आला नाही.

पण नुसतं नाव ठेवून भागणार नाही, ताई. त्या दोन घरांना विचारलंय का कधी, की कार्यक्रम केव्हा करू? २४ ला संध्याकाळी त्यांची मध्यरात्रीच्या मिस्साची, म्हणजे चर्चमधल्या उपासनेची, तयारी चाललेली असते: कपडे, स्वयंपाक, म्हाताऱ्यांना न्यायचं कसं. नेमकं तेव्हा तुम्ही त्यांना केक कापायला खाली बोलावता. पुष्कळ घरांत गोठ्यात बाळही त्या रात्रीच ठेवतात, आधी नाही, हेही मुलांना सांगा. माझं ऐकाल तर कार्यक्रम २६ किंवा २७ ला घ्या, पण आधी त्यांना विचारून. वर्गणी ऐच्छिक ठेवा. एखाद्या घराला आपल्या श्रद्धेमुळे यायचं नसेल तर न येऊ दे, त्यावर जिन्यात कुजबुज नको.

प्रश्न: मुलाला शाळेत सांताक्लॉजचा ड्रेस घालून बोलावलंय. आम्हाला ते आवडत नाही. नाही म्हटलं तर आम्ही संकुचित ठरू का?
— पालक, खानापूर

उत्तर: अजिबात नाही. सरळ बाईंना भेटा आणि सांगा. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला कुणालाही संमतीशिवाय बसवता येत नाही, लहान मुलांच्या बाबतीत पालकांच्या संमतीशिवाय. राज्यघटनेच्या कलम २८ मध्येच ते आहे. सांताचा ड्रेस म्हणजे काही उपासना नव्हे, तरी सक्ती तिथंही नको. शिवाय एका दिवसासाठी तो लाल झगा विकत घ्यायचा, हा खर्च सगळ्यांना झेपत नाही. मात्र घरी मुलासमोर त्या सणाला नावं ठेवू नका. त्याच्या वर्गात एखादा ख्रिस्ती मुलगा असेल, तर २५ ला त्याच्या घरी पाठवा. नाताळ काय असतो ते त्याला तिथं कळेल.

प्रश्न: ३१ डिसेंबरला कॅम्पात ‘ओल्ड मॅन’ जाळतात. तो ख्रिस्ती विधी आहे का? आमच्या मुलांनी करावा का?
— वाचक, शहापूर

उत्तर: चर्चचा विधी नाही. तो सरत्या वर्षाचा पुतळा आहे आणि बेळगावात तो सगळ्या जातिधर्मांची पोरं करतात. खुशाल करू द्या. फक्त आत फटाके भरताना मोठं माणूस जवळ असू द्या, आणि विजेच्या तारांखाली उभा करू नका.