भूवेधी रडार आणि रत्नांचा शोध

प्रश्न : भूवेधी रडारच्या साहाय्याने जमिनीखालील रत्ने थेट दिसतात का?

उत्तर : थेट दिसत नाहीत, यंत्राचे विक्रेते काहीही सांगोत. हे यंत्र जमिनीत रेडिओलहरी सोडते आणि विद्युत गुणधर्म जेथे एकदम बदलतात तेथून परतलेले तरंग नोंदवते. ग्रॅनाइटसारख्या खडकात ५०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे २४ सेंटिमीटर भरते, त्यामुळे बोराएवढा खडा तिच्या नजरेतून सहज निसटतो. शिवाय टुरमलीनसारखे रत्न आणि भोवतालचा खडक यांच्या विद्युत गुणधर्मांत फारसा फरक नसतो. मात्र पेग्मटाइट या मोठ्या स्फटिकांच्या भरड खडकात ज्या पोकळ्यांच्या भिंतींवर असे स्फटिक वाढतात, त्या पोकळ्या हवा, पाणी किंवा चिकणमातीने भरलेल्या असल्याने ठळक परावर्तन देतात, आणि खरा उपयोग तेथेच आहे. अर्थात, सापडलेली पोकळी रिकामी आहे की रत्नांनी भरलेली, हे खोदल्यावरच कळते. नदीच्या गाळात रडार फार तर जुन्या, बुजलेल्या पात्राचा तळ दाखवते, जेथे जड खडे साचण्याचा संभव असतो. ओल्या चिकणमातीत मात्र लहरी बहुधा मीटरभरातच विरतात. अशा जमिनीसाठी यंत्र घेऊ नये.