सुरुवात ‘पोळी खाल्ली’पासून करा

भाषाविज्ञान शिकायचंय, तर सोस्यूर आणि चॉम्स्की या भाषाशास्त्रज्ञांपैकी आधी कोणाला वाचू, हा प्रश्न सध्या बाजूला ठेवा. वहीत लिहा: ‘रमेशने पोळी खाल्ली’, ‘सीमाने आंबा खाल्ला’. क्रियापद कर्त्याला सोडून कर्माच्या मागे गेलं. शाळेत कर्मणी प्रयोग म्हणून हे पाठ केलंच असेल. आता तो कुठे अडखळतो ते शोधा. ‘तू पोळी खाल्लीस’मध्ये ‘ली’ पोळीची, पण शेवटचा ‘स’ ‘तू’चा! एकाच क्रियापदावर दोघांचा हक्क. आणि ‘सीमा धडा शिकली’? कर्म आहे, तरी ‘ने’ नाही. शिकणे, विसरणे, बोलणे... यादी वाढवत जा. न चालणारी, म्हणजे कुणी बोलणार नाही अशी वाक्यंही लिहा, त्यांच्यापुढे तारा (*) ही खूण काढा. माझ्या मते खरा माल तिथेच असतो.

लोकांना ‘हे बरोबर आहे का?’ असं विचारू नका. ते लगेच मास्तर होतात आणि पुस्तकी उत्तर देतात. प्रसंग सांगा, मग काय बोलतात ते ऐका. कुणी ‘ती चहा प्याली’ म्हणेल, कुणी ‘तिने चहा प्यायला’. दोन्ही टिपा, गाव आणि वयासकट.

अर्थाकडे वळलात की नकार लावून बघा. ‘त्याने सिगारेट सोडली’ आणि ‘त्याने सिगारेट सोडली नाही’, दोन्हींत तो पूर्वी ओढत होता हे गृहीतच राहतं. नकारानेही न हलणारा असा भाग म्हणजे पूर्वगृहीत.

बोलींचं वेड लागलं तर ग्रिअर्सनच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड (1905) चाळा. जुना आहे, पण नमुने भरपूर.