नवं तंत्रज्ञान कंपन्या ठरवतात. त्यात सामान्य वापरकर्त्याचं काही चालतं का?

चालतं. मोटर रिवाइंडिंगच्या धंद्यात केस पांढरे झालेत माझे, त्या अनुभवावर सांगतो. माणूस विकत आणलेल्या वस्तूचं पुढे काय करतो ते बघा, उत्तर तिथेच मिळेल.

आमच्याकडे शेतीला थ्री फेज लाईट पाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्री दोनला उठून बॅटरीच्या उजेडात विहिरीवर जायचं म्हणजे साप-विंचवाशी गाठ. म्हणून लोकांनी स्टार्टरला ऑटोस्विच लावले. लाईट आली की मोटर आपोआप चालू. पण एका डीपीवरच्या, म्हणजे एका ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या मोटरी एकदम उठायला लागल्या, आणि उठताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. डीपी जळायला लागले. ऑटोस्विच काढा, कपॅसिटर बसवा, असं महावितरण सांगत आलंय. लोक काढत नाहीत, कारण रात्रीची पाळी काही सुटलेली नाही.

मग घरबसल्या मोबाइलवरून मोटर चालवायचे मोबाइल स्टार्टर आले. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांचं नॅनो गणेश त्यातलं गाजलेलं नाव. पुढे मिस्ड कॉलवर मोटर चालू-बंद करणारे स्टार्टरही बाजारात आले. आता मिस्ड कॉल ही कुठल्या कंपनीची योजना होती? 2003 ला इनकमिंग फुकट झालं आणि एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे न्यायला ये, हे लोकांनीच आपापसात ठरवलं. कंपन्यांना त्यातून छदाम मिळत नव्हता. नंतर बँकासुद्धा मिस्ड कॉलवर बॅलन्स कळवायला लागल्या.

आमच्या शेजारच्या आप्पांनी असा एक स्टार्टर घेतला. कुठल्या कंपनीचा ते सांगत नाही. मोटर चालू झाली की मेसेज यायचा. एका उन्हाळ्यात बोअरचं पाणी खाली गेलं, सबमर्सिबल कोरडी चालत राहिली आणि वाइंडिंग जळालं. मेसेज मात्र 'मोटर चालू' असाच होता. मोटर माझ्या दुकानात आली तेव्हा आप्पा म्हणाले, "मोटर चालू आहे हे घेऊन काय करू? पाणी पडतंय का ते सांगा म्हणावं."

मग त्यांनी घरातला जुना बटणांचा नोकिया काढला. त्यात हेडसेट जोडलेला असला की फोन आपोआप उचलायची सोय होती. हेडफोनसकट तो प्लास्टिकच्या डब्यात घालून हौदावर ठेवला, डब्याला भोक पाडून माइक बाहेर काढला. स्टार्टरला मिस्ड कॉल द्यायचा, थोडं थांबून हौदावरच्या फोनला कॉल करायचा. धो-धो आवाज आला की झोपायचं. नुसती घरघर आली की मोटर बंद करायची. बघता बघता आजूबाजूच्या वस्त्यांवर असे डबे दिसायला लागले.

आमचे दाजी पुण्यात ऑटोमेशनमध्ये इंजिनिअर आहेत. घरच्या एका कार्यात त्यांना हे सांगितलं, तर चारचौघांत म्हणाले, "लोकांना वस्तू नीट वापरता येत नाही, हाच प्रॉब्लेम आहे." मला ते अजून खटकतं. आप्पांना वस्तू नीट कळली होती, म्हणूनच तिच्यात काय कमी आहे ते कळलं. दुकानात येणाऱ्या प्रत्येक कंपनीच्या माणसाला मी तो डबा दाखवायचो. आज बरेच स्टार्टर अँपिअर, म्हणजे मोटर ओढते तो करंट, पडल्याचं ओळखून कोरडी मोटर स्वतः बंद करतात. दाजी, ही मागणी वहीत अंगठा उठवणाऱ्या गिऱ्हाइकांनी लावून धरली होती.

तुम्ही कंपनीत कामाला असाल आणि म्हणून विचारत असाल, तर ऑफिसात सर्व्हे करत बसू नका. रिपेरीच्या दुकानात येऊन बसा. लोकांनी कुठे जोड दिलाय, कुठली वायर काढून टाकलीय, ते बघा.

सगळीकडे लोकांचंच चालतं असंही नाही. 2018 च्या शेवटी मोठ्या कंपन्यांनी इनकमिंग टिकवायलासुद्धा 28 दिवसांना किमान 35 रुपयांचं रिचार्ज लावलं, आणि स्टार्टरमध्ये बिनबॅलन्स पडून असलेली सिमं बंद पडायला लागली. जिओचं सिम टूजी स्टार्टरमध्ये चालतच नाही. तिथे आमचं कुणी ऐकलं नाही. नुसत्या कॉल-मेसेजचं रिचार्ज ठेवा, असा नियम ट्रायने, म्हणजे मोबाइल कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाने, केला तो थेट डिसेंबर 2024 मध्ये. ऑटोस्विचसारखी एकाची सोय सगळ्या डीपीला भोवते, तेही खरंच.

आणि आप्पांसारखा फोन ठेवणार असाल तर तो हौदावरच ठेवा, स्टार्टरच्या पेटीत नको. पेटीत 415 व्होल्ट असतात.