मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याला वाहनांच्या भविष्यावरच्या संशोधनात जागा आहे का?

तुम्ही लिहिलंय की नाशिकमध्ये मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहात, विजेच्या आणि चालकाविना गाड्यांवर विद्यापीठांत जे चाललंय ते सगळं कॉम्प्युटरवाल्यांचं वाटतं, आणि आता शाखा सोडून कोडिंगच्या मागे लागावं का, हा प्रश्न पडलाय. सोडू नका.

मी अंबड एमआयडीसीत २२ वर्षं डिझेल नोझलच्या, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या पार्टच्या, ग्राइंडिंगवर आहे. नोझलची नीडल (आतली सुई) आणि बॉडी यांच्यात दोन-तीन मायक्रॉनची फट असते. जोडी जमली का हे बघायला नीडल डिझेलमध्ये बुडवायची, बॉडीत घालून एक तृतीयांश बाहेर ओढायची, बॉडी तिरपी धरायची आणि सोडून द्यायची. कुठेही न अडखळता ती आपल्या वजनानं खाली जाऊन बसली पाहिजे. विजेच्या गाडीत हा पार्टच नाही. तेव्हा तुमचा प्रश्न माझ्याही पोटाचा आहे. म्हणूनच गेली चार वर्षं मी कामावरून सुटलो की एका कॉलेजातल्या मुलांच्या प्रोजेक्टना जातो.

बॅटरीचंच घ्या. लिथियम आयर्न फॉस्फेट हे आज बऱ्याच गाड्यांत दिसणारं रसायन १९९० च्या दशकात टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतून पुढे आलं. रसायन केमिस्ट्रीवाल्यांचं, हे खरं. पण सेल तापतो, आणि ती उष्णता बाहेर काढायची कशी हे तुमच्या हीट ट्रान्सफरच्या पेपरातलं गणित आहे. गेल्या मे महिन्यात आमच्या मुलांनी एका जुन्या विजेच्या स्कूटरच्या बॅटरी पॅकवर थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारा, चिकटवले. कडेचे सेल कोमट, मधले त्यांच्याहून सात अंशांनी जास्त, कारण मध्ये वारा पोचतच नव्हता. जास्त तापणारे सेल लवकर थकतात, आणि सिरीजमधला एक थकला की सगळा पॅक त्याच्याच मापानं चालतो. हे पाहून त्या मुलांचे डोळे चमकले. त्यांनी सेलमधलं अंतर बदलून पुन्हा मोजलं. संशोधन म्हणजे हेच.

चालकाविना गाडीचं म्हणाल, तर २००४ साली अमेरिकेत डार्पा या तिथल्या संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेनं मोजावे वाळवंटात शर्यत ठेवली होती, तेव्हा एकही गाडी शेवटपर्यंत गेली नाही. पुढच्याच वर्षी पाच पोचल्या, आणि पहिली आली स्टॅनफर्ड विद्यापीठाची. पण वाळवंटात गर्दी नसते. शहरातला रस्ता कॉम्प्युटरला ओळखायला शिकवण्यासाठी जगभर वापरला जाणारा सिटीस्केप्स हा फोटोंचा संच मुख्यतः जर्मन शहरांतला आहे. तिथं आपली रिक्षा कुठून असणार? हैदराबादच्या ट्रिपल आयटीनं २०१८ मध्ये आयडीडी (इंडिया ड्रायव्हिंग डेटासेट) हा भारतीय रस्त्यांचा संच आणला. त्यात १०,००० फोटो, आणि रिक्षा, जनावरं यांचे वेगळे वर्ग. मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो त्यातला एक निराळा वर्ग : रस्ता नाही, पण वेळ पडली तर गाडी घालता येते अशी कडेची जागा. आपल्याकडे गाडी चालवणाऱ्याला ती जागा न शिकवता कळते, पण संशोधनात तिला नाव द्यावं लागलं.

आता आपल्या नाशिकच्या द्वारका चौकात संध्याकाळी सहाला उभे राहा. मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुणे रस्ता तिथं भेटतात. सिटीलिंकची बस, द्राक्षांचे क्रेट लादलेलं पिकअप, राँग साइडनं येणारी स्कूटर, आणि त्यांच्यातून हात दाखवत पलीकडे जाणारी म्हातारी. दुचाकीवाला किती सेकंदांची फट दिसली की घुसतो, म्हातारी किती वेळ थांबते, हे एका जागेवरून व्हिडिओ घेऊन मोजता येतं. याला गॅप ॲक्सेप्टन्स म्हणतात आणि मिश्र वाहतुकीवर काम करणाऱ्यांना असं मोजमाप लागतंच. २०२७ च्या कुंभमेळ्याची गर्दी याच शहरात येणार आहे. द्वारकेचा हिशेब बाहेरचा कोणी येऊन मांडेल याची वाट कशाला बघायची?

कोडिंग शिका, पायथन तर शिकाच, पण मोजलेल्या आकड्यांवर चालवायला. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट या दोनांतला एक घ्या आणि गाइडना आत्ताच भेटा, जुलैची वाट बघू नका. बॅटरीचा घेतलात तर पॅक एकट्यानं उघडू नका. अंगठी, घड्याळ, कडं काढून ठेवा आणि इन्सुलेटेड हातमोजे घाला. थर्मोकपल पहिला मधल्या सेलवर लावा.