मेवेदर-पॅकियाओ लढत पाच वर्षं का रखडली? 2010 सालीच झाली असती तर पॅकियाओ जिंकला असता का?

अमेरिकेचा फ्लॉइड मेवेदर आणि फिलिपिन्सचा मॅनी पॅकियाओ, दोघंही त्यांच्या काळातले सगळ्यात मोठे बॉक्सर. आधीच सांगून टाकतो, मी पॅकियाओचा माणूस. तेव्हा माझं म्हणणं तेवढं पारखून घ्या.

डिसेंबर 2009 मध्ये मी पुण्यात तिघांबरोबर एका खोलीत राहायचो. त्यातला एक मेवेदरचा कट्टर भक्त. 13 मार्च 2010 ही तारीख जवळजवळ पक्की झाल्याच्या बातम्या येत होत्या, पैशांची वाटणीही निम्मी-निम्मी ठरल्यात जमा होती. आम्ही पैज लावली, हरेल त्याने मटण थाळी द्यायची. ती थाळी ताटात पडायला मे 2015 उजाडला. मधे खोली सुटली, नोकऱ्या बदलल्या, दोघांचीही लग्नं झाली.

तेव्हा लोक एवढे का पेटले होते हे कळायला त्या दीड वर्षाचा हिशेब पाहावा लागेल. डिसेंबर 2008 मध्ये पॅकियाओने ऑस्कर दे ला होयाला आठ फेऱ्या असा बडवला की नवव्या फेरीला तो स्टुलावरून उठलाच नाही. मे 2009 मध्ये रिकी हॅटनला दुसऱ्याच फेरीत डाव्या हुकने, म्हणजे बाजूने वळवून मारलेल्या ठोशाने, झोपवलं. नोव्हेंबरमध्ये मिगेल कोट्टोला बाराव्या फेरीत थांबवून सातव्या वजनगटातला किताब घेतला. हा माणूस 1995 साली 106 पौंडांवर व्यावसायिक झाला होता हे लक्षात घ्या. इकडे मेवेदर जून 2008 मध्ये निवृत्ती जाहीर करून घरी बसला होता. तो सप्टेंबर 2009 मध्ये परतला आणि त्याने हुआन मॅन्युएल मार्केझला बारा फेऱ्या शिकवणी दिल्यासारखं खेळवलं. खरं तर वजन ठरलं होतं 144 पौंड, हा भरला 146. दंडाचे पैसे मोजले आणि मोकळा झाला.

यावरून आमच्या खोलीत त्रैराशिकं सुटायची. मी म्हणायचो, मेवेदरला हॅटन संपवायला दहा फेऱ्या लागल्या, पॅकियाओला दोन. दे ला होयाविरुद्ध मेवेदर जिंकला तोही एका पंचाचं मत विरोधात जाऊन. (इथे पंच म्हणजे गुण देणारा माणूस, ठोसा नव्हे. मराठीत बॉक्सिंगवर लिहिताना ही कटकट कायमची आहे.) रूममेट शांतपणे एवढंच विचारायचा, "आणि मार्केझ?" तिथे माझी बोलती बंद व्हायची. मार्केझशी पॅकियाओची 2004 ची लढत बरोबरीत सुटली होती आणि 2008 ची तो जेमतेम जिंकला होता. त्याच मार्केझला मेवेदरने हातही लावू दिला नव्हता.

आता रखडण्याचं कारण. पहिलं आणि सगळ्यात गाजलेलं म्हणजे उत्तेजकांसाठीची रक्ततपासणी. मेवेदरच्या गोटाने अट घातली की दोघांचंही रक्त कधीही, न सांगता तपासलं जावं. पॅकियाओचं म्हणणं असं की लढतीच्या तोंडावर रक्त दिलं की अंगातली ताकद जाते. जानेवारी 2010 मध्ये एका निवृत्त न्यायाधीशांपुढे मध्यस्थी झाली. लढतीच्या किती दिवस आधी रक्त घेणं थांबवायचं, यावर तिथे मेवेदरची बाजू 14 दिवसांपर्यंत खाली आली आणि पॅकियाओची 24 दिवसांवर अडली. मधलं अंतर दहा दिवसांचं. त्या दहा दिवसांवर लढत मोडली. पॅकियाओने तर आधीच अब्रुनुकसानीचा दावा ठोकला होता.

त्या वेळी मी तावातावाने सांगायचो की मेवेदर पळतोय, रक्ताचं निमित्त आहे. आज माझं मत बदललंय. पॅकियाओ कधीही उत्तेजक चाचणीत दोषी सापडलेला नाही आणि त्याच्यावर शिंतोडे उडवायला माझ्याकडे काही नाही. पण मागणी चुकीची नव्हती. समोरच्याच्या डोक्यावर ठोसे मारायचा खेळ आहे हा. त्यात कुणी काही घेतलंय का हे पाहायला नको? मेवेदरने लगेच मे 2010 मध्ये शेन मोस्लीशी लढताना दोघांच्याही अशा चाचण्या करून दाखवल्या. पॅकियाओने त्या 13 मार्चला टेक्सासमध्ये जोशुआ क्लॉटीशी लढून वेळ मारून नेली. त्या वर्षी दोष द्यायचाच तर माझ्या माणसाच्या पदरात थोडा जास्त टाकावा लागतो. हे टंकताना अजूनही बोटं अडखळतात.

2012 मध्ये मात्र उलटं झालं. पॅकियाओ तोवर चाचण्यांना तयार झाला होता. जानेवारीत मेवेदरने त्याला स्वतः फोन केला आणि देऊ केलं काय, तर सरसकट 40 मिलियन डॉलर. पे-पर-व्ह्यूच्या उत्पन्नात, म्हणजे घरोघरी पैसे भरून लढत पाहणाऱ्यांकडून जे येतं त्यात, एक छदामही नाही. असल्या लढतीतला मलिदा सगळा त्याच खात्यात असतो. म्हणजे पंगतीला बोलवायचं आणि वरणभातावर वाटेला लावायचं. हा प्रस्ताव नाकारला जाण्यासाठीच दिला होता असं मला तेव्हाही वाटलं, आजही वाटतं.

या दोन घटनांवर चाहते अजून भांडतात, पण मुळातली अडचण दोघांच्या मनात होती त्याहून जास्त धंद्याच्या रचनेत होती. आपल्याकडे जत्रेतल्या कुस्तीच्या मैदानात कमिटी जोड लावते. अमक्याची तमक्याशी काटा कुस्ती व्हावी असं गावाला वाटलं तर कमिटी दोन्ही वस्तादांना गाठते, इनाम वाढवते, आणि तरी कुणी नाही म्हणालं तर चारचौघांत त्याचं नाव जातं. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये अशी कमिटीच नाही. पट्टे, म्हणजे विजेतेपदं, देणाऱ्या मोठ्या संघटना चार, प्रत्येकीचा आपला विजेता. वर प्रमोटर, म्हणजे लढती भरवणारे, वेगळे, टीव्ही वेगळे. पॅकियाओचा प्रमोटर बॉब अॅरम. मेवेदर पूर्वी त्याच्याच तालमीतला. 2006 मध्ये साडेसात लाख डॉलर मोजून त्याने करार तोडला आणि तेव्हापासून दोघांत विस्तव जात नव्हता. त्यात फेब्रुवारी 2013 मध्ये मेवेदरने शोटाइम वाहिनीशी सहा लढतींचा करार केला आणि पॅकियाओ एचबीओ या दुसऱ्या वाहिनीकडेच राहिला. लढत लावायची तर एकमेकींचं तोंड न पाहणाऱ्या दोन वाहिन्यांनी एकच कार्यक्रम दाखवायला हवा.

आणि घाई तरी कुणाला होती? दोघंही दुसऱ्यांशी लढून बक्कळ कमावत होते. प्रत्येक लढतीनंतर पत्रकार परिषदेत एकच प्रश्न यायचा, 'आता त्याच्याशी कधी?', आणि त्या प्रश्नावर पुढच्या लढतीची तिकिटं खपायची.

मग 2012 सालीच पॅकियाओचे ग्रह फिरले. जूनमध्ये टिमोथी ब्रॅडलीविरुद्ध पंचांनी त्याला हरवलं. तो निकाल मला आजही पटलेला नाही. पण 8 डिसेंबरला जे झालं त्यावर बोलायला जागाच नव्हती. मार्केझशी चौथी लढत, सहावी फेरी संपायला सेकंदभर उरलेला, पॅकियाओ पुढे झेपावला आणि मार्केझच्या उजव्या हाताने त्याला आहे तिथे तोंडावर पाडलं. तो बराच वेळ हललाच नाही. मी टीव्हीसमोर सुन्न बसलो होतो. फोन वाजला. रूममेटचा मेसेज: "थाळी?" मी उत्तर दिलं नाही.

त्यानंतर ही लढत कायमची गेली असंच सगळे धरून चालले होते. पण पॅकियाओ सावरला, ब्रॅडलीला त्याने परतफेडीच्या लढतीत हरवलं आणि जानेवारी 2015 मध्ये मायामीत एका बास्केटबॉल सामन्याला हे दोघं योगायोगाने समोरासमोर आले. फोन नंबर दिले-घेतले, त्याच रात्री हॉटेलात बसून बोलले. पडद्यामागे शोटाइमच्या मालक कंपनीचे प्रमुख लेस मूनव्हेस आधीपासून हालचाली करत होतेच. दोन्ही वाहिन्या एकत्र दाखवायला तयार झाल्या आणि 20 फेब्रुवारीला घोषणा झाली. वाटणी 60-40, मोठा वाटा मेवेदरचा. 2010 साली जे निम्मं मिळणार होतं त्यातले दहा टक्के पॅकियाओने थांबून घालवले, पण एकूण ढीगच एवढा मोठा झाला होता की त्याचे 40 टक्केही आधीच्या निम्म्यापेक्षा जड भरले असणार. अमेरिकेत घरी बसून एचडीत पाहायला 99.95 डॉलर. 46 लाख ग्राहकांनी ते मोजले. आधीचा विक्रम साधारण 25 लाखांचा होता. फक्त तिकिटांचे 7 कोटी 20 लाख डॉलर जमले.

लास वेगासमधली 2 मेची रात्र म्हणजे आपल्याकडे 3 मेची, रविवारची सकाळ. पोहे घेऊन टीव्हीसमोर बसलो. तिकडे ऐन वेळी पैसे भरणाऱ्यांची एवढी झुंबड उडाली की केबल कंपन्यांच्या यंत्रणा कोलमडल्या आणि लढत आणखी लांबली. पाच वर्षं कमी पडली होती म्हणून हे. पोहे गार झाले.

आणि लढत? चौथ्या फेरीत पॅकियाओचा डावा सरळ ठोसा बसला, मेवेदर दोरांवर गेला, मी खुर्चीवरून उठलो. तेवढंच. बाकी वेळ मेवेदर एक पाऊल मागे, एक जॅब (पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा), एक उजवा, जवळ आला की मिठी. बायकोने सातव्या-आठव्या फेरीला आत डोकावून विचारलं, "हे मारत का नाहीयेत?" तिचा प्रश्न चोख होता. एका पंचाने 118-110, दोघांनी 116-112 दिले, सगळे मेवेदरच्या बाजूने. मोजणाऱ्यांच्या हिशेबात मेवेदरचे 148 ठोसे बसले, पॅकियाओचे 81. वाद घालण्यासारखं काही नव्हतं.

नंतर कळलं की पॅकियाओचा उजवा खांदा सरावातच दुखावला होता. लढतीआधीच्या फॉर्मवर त्याच्या गोटाने ते लिहिलंच नव्हतं, म्हणून त्या रात्री नेवाडा राज्याच्या, म्हणजे लास वेगासमधल्या लढतींवर देखरेख ठेवणाऱ्या, आयोगाने वेदनाशामक इंजेक्शनला परवानगी नाकारली. पुढे खांद्याची शस्त्रक्रिया झाली. चिडलेल्या प्रेक्षकांनी पैसे परत मागत कोर्टात धाव घेतली, ते दावेही टिकले नाहीत. आणि ज्याने पाच वर्षं रक्ततपासणीचा धोशा लावला होता त्या मेवेदरने लढतीच्या आदल्या दिवशी घरी सलाइन घेतल्याचं सप्टेंबरात उघड झालं. औषध बंदी असलेलं नव्हतं, पण शिरेतून तेवढं पाणी घ्यायला परवानगी लागते, आणि ती मिळाली लढत होऊन गेल्यावर. चाचणी करणाऱ्या संस्थेने नियम मोडला नसल्याचं सांगितलं. रूममेटला मी ती बातमी तीनदा पाठवली.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे. 2010 साली काय झालं असतं? माझ्या मते तरीही मेवेदरच. दहा वेळा लढवलं असतं तर सहा वेळा तो. कारण मार्केझच. पॅकियाओला आयुष्यभर ज्याने सतावलं तो मागे सरून उजव्या हाताने उत्तर देणारा लढवय्या होता, आणि त्या कलेत मेवेदर मार्केझचा वस्ताद. पॅकियाओसारख्या डावखुऱ्याविरुद्ध सरळ उजवा हे मेवेदरचं पेटंट.

पण उरलेले चार वेळा मी सोडणार नाही. मेवेदरला डावखुरे वेगवान लोक सुरुवातीला जड जायचे; 2006 मध्ये झॅब जुडाने त्याला पहिल्या काही फेऱ्या चांगलंच घुमवलं होतं. मे 2010 मध्ये, म्हणजे आपण बोलतोय त्याच वर्षी, मोस्लीच्या उजव्या ठोशाने दुसऱ्या फेरीत मेवेदरचे गुडघे वाकले होते. मोस्ली तेव्हा 38 चा होता, तो एक ठोसा मारून थबकला. 2009 चा पॅकियाओ एकावर थांबत नसे. एक बसला की बाजूला सरकून, वेगळ्या कोनातून, चार-पाच सलग. 2015 मध्ये छत्तिसाव्या वर्षी तो सरकणं विसरला नव्हता, पाय तेवढे मागे पडत होते. मेवेदर 38 चा असून फारसा बदलला नव्हता, कारण त्याचं बॉक्सिंग अंतर आणि वेळ ओळखण्यावर उभं होतं, पायांच्या स्फोटक वेगावर नाही. म्हणून वाट पाहण्याचा फटका दोघांना सारखा बसला नाही. मेवेदर मुद्दाम थांबला असं मी म्हणत नाही. पण थांबणं त्याला परवडणारं होतं.

आणि निदान लढत झाली तरी. लेनॉक्स लुईसने 1988 च्या सोल ऑलिंपिकच्या अंतिम लढतीत रिडिक बो याला हरवलं होतं. व्यावसायिक झाल्यावर त्यांची लढत कधीच लागली नाही. बोने 1992 मध्ये लुईसशी लढण्याऐवजी पट्टाच कचऱ्याच्या डब्यात टाकला, कॅमेऱ्यांसमोर. त्या वादावर तर थाळीसुद्धा लावता येत नाही.

आमची मात्र फिटली. मी रीतसर युक्तिवाद केला की पैज 13 मार्च 2010 च्या लढतीवर होती, ती झालीच नाही, सबब पैज रद्द, शिवाय खांदा. रूममेटने ऐकून घेतलं आणि पत्ता पाठवला. डिसेंबर 2009 मध्ये त्या खानावळीत मटण थाळी 90 रुपयांना मिळायची. मी दिली ती 220 ची, आणि रस्सा जादा घेतला त्याचे वेगळे.