रात्री तीनचा हिशोब

प्रश्न : ताई, जूनच्या पहिल्या आठवड्यातल्या वादळात आमची कापणीवर आलेली केळी आडवी झाली. चार हजार खोडांपैकी पावणेतीन हजार गेली. पंचनामा झाला, विम्याचं अजून काही कळलं नाही. तेव्हापासून आमचे हे रात्री तीनला उठतात, ओट्यावर वही घेऊन बसतात आणि तोच तो हिशोब मांडतात. एवढे घड, एवढं वजन, बऱ्हाणपूरचा एवढा भाव. मी जवळ गेले की म्हणतात, "तू जाय बरं, मले हिशोब करू दे." दिवसा ठिबकच्या नळ्या गुंडाळत बसतात, बोलत नाहीत. मी भांडी घासताना रडते, जाऊबाईंशी तासभर बोलते, मग हलकं वाटतं. पुण्याचा मुलगा फोनवर म्हणतो, "पप्पांना सांग, विचार करू नका, पॉझिटिव्ह राहा." आमच्यात चुकतंय कोण? आणि यंदा श्रावणात कानबाई, आमची खान्देशातली देवी, बसवायची नाही म्हणतात, ते ऐकू का?
— एक वाचक, यावल तालुका

उत्तर : ताई, मुलगा मायेनं सांगतो, पण त्याचा सल्ला आधी बाजूला ठेवा. १९८७ साली अमेरिकेत डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांना पाच मिनिटं मनात येईल ते बोलत राहायला सांगितलं. अट एकच, पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आलाच तर घंटी वाजवायची. घंट्या वाजत राहिल्या. पुढे त्याच मुलांना अस्वलाचा विचार करायची मोकळीक दिली, तेव्हा तर पहिल्यापासून मोकळीक असलेल्या मुलांपेक्षा त्यांच्या डोक्यात ते जास्त वेळा आलं. इथे पावणेतीन हजार खोडं बांधावरून डोळ्यांना दिसताहेत आणि विचार करू नका म्हणायचं!

आता चुकतंय कोण? मी स्वतः काय केलं ते ऐका. माझ्या यजमानांचं हृदयाचं ऑपरेशन चाललं होतं, तेव्हा मी दवाखान्याच्या व्हरांड्यात औषधांच्या पावत्या तारखेप्रमाणे लावत होते. लावल्या, टाचणी मारली, टाचणी काढली, पुन्हा लावल्या. असं तीनदा. नणंद शेजारी बसून रडत होती. ती आजही म्हणते, "वहिनी, तुझ्या डोळ्यांत टिपूस नव्हता." आणि तेव्हा मला तिचाच राग येत होता, की रडून काय होणार? तोवर वीस वर्षं मी कॉलेजात मानसशास्त्रच शिकवत होते, बरं का.

रिचर्ड लाझारस आणि सुझन फोकमन यांनी १९८४ मध्ये ताणाला तोंड देण्याच्या दोन तऱ्हा सांगितल्या. एकीत माणूस अडचणीवरच काम करतो, दुसरीत अडचणीमुळे मनात जे उठलंय ते शमवतो. बहुतेक माणसं दोन्ही करतात, कोणाची एक पुढे असते, कोणाची दुसरी. त्यातली चांगली कुठली हे अडचण बघूनच ठरतं. जे हातात आहे तिथे काम करावं, जे हातातून गेलं तिथे मन सांभाळावं.

तुमच्या घरी गोंधळ इथे झालाय. पडलेल्या घडांचा भाव काढून ते उभे राहणार नाहीत. म्हणजे तुमचे हे गेलेल्या गोष्टीवर काम करताहेत. ज्या हिशोबातून उद्याचं एखादं काम निघतं, तो विचार. तोच आकडा रोज रात्री तीनला निघत असेल तर तो रवंथ, आणि बैलाच्या रवंथाने निदान चारा तरी पचतो. उलट पडलेली खोडं काढायची, बुंध्याशी फुटलेला जोमदार कोंब, म्हणजे पील, कुठला ठेवून त्यावर पुढचं पीक, पिलबाग, धरायची, विम्याच्या कागदांचा पाठपुरावा, सोसायटीच्या कर्जाचं काय करायचं ते विचारणं, हे सगळं हातातलं आहे आणि ते तसंच पडून आहे.

वही हिसकावू नका, तिची वेळ बदला. संध्याकाळी धारा काढून झाल्या की साडेसातला अर्धा तास दोघं बसा. डाव्या पानावर गेलेलं, उजव्या पानावर उद्या करायचं एकच काम. मग वही कपाटात. रात्री जाग आली तर "उद्या साडेसातला बघू" एवढंच म्हणायचं. पहिले काही दिवस ते ऐकणार नाहीत, चालेल. आणि समोर बसवून "बोला ना" म्हणू नका. पील काढताना शेजारच्या ओळीत काम करा. माझ्याकडे आलेले कितीतरी पुरुष हात कामात असतानाच पहिल्यांदा बोलते झाले.

तुम्ही लिहिलं नाही, म्हणून विचारते. जेवण तुटलंय का? "मी नसतो तर बरं झालं असतं" असं काही तोंडून निघालंय का? सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार येतो का?" विचारल्याने तसं डोक्यात येतं हा गैरसमज आहे. उत्तर 'हो' आलं, किंवा ते गप्प राहिले, तर त्यांना एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर रात्रंदिवस, फुकट लागतो, मराठीतही बोलतात. आणि फवारणीची औषधं आजच कुलपात घाला, किल्ली तुमच्याकडे. उत्तर 'नाही' आलं तरी घालाच.

तुमचं रडणं आणि जाऊबाईंशी बोलणं चालू द्या, त्याने तुम्ही उभ्या आहात. फक्त रोज तेच उगाळून तुम्ही दोघी अधिकच खचून उठत नाही ना, एवढं बघा.

राहिली कानबाई. बसवा. खर्च आवरा, भंडारा नको, वाजंत्री नको, पण रोटांचा नैवेद्य होऊ द्या. घरातल्या पुरुषमाणसांच्या नावाने गव्हाच्या मुठी मोजताना भाऊबंद जमतील, त्यांच्यातही कोणाकोणाची बाग झोपली असेल, आणि ते तुमच्या ह्यांना "पॉझिटिव्ह राहा" म्हणणार नाहीत. दळण न्यायचं काम मात्र ह्यांच्याकडे द्या. परत आले की गिरणीवर कोण कोण भेटलं ते विचारा.