काम सुटलंय; ऑपरेशन आणि व्हीलचेअरसाठी मदत कुणाकडे मागावी?

तुम्ही लिहिलंय की वडिलांचं काम सुटलं, मांडीच्या हाडाचं ऑपरेशन सांगितलंय, पुढे वॉकर किंवा व्हीलचेअर लागेल. आणि खाली एक ओळ आहे: ‘कुणापुढे हात पसरायची घरात सवय नाही.’ मी त्या ओळीसाठी लिहायला बसले, कारण त्या ओळीपायी आमची आंब्याची अकरा कलमं हातची गेली.

आमचे हे हर्णैला ट्रॉलरवर खलाशी होते. ऑक्टोबर २०२१ मध्ये जाळं ओढताना विंचच्या, म्हणजे जाळं ओढायच्या यंत्राच्या, दोरात पाय सापडला आणि गुडघ्याखालची दोन्ही हाडं मोडली. बंदरावरून टेम्पोत घालून खासगी दवाखान्यात नेलं. आधी ४०,००० भरा म्हणाले. केशरी रेशनकार्ड माझ्या पिशवीत होतं. बाकावर शेजारी बसलेल्या बाईने सांगितलं, ‘या कार्डावर सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ऑपरेशन होतं, पण इथे नाही, रत्नागिरीला सिव्हिलला, सरकारी दवाखान्यात न्या.’ मी उठलेच होते, तेवढ्यात मुंबईहून भाऊजींचा, यांच्या भावाचा, फोन आला. ‘वहिनी, आपल्या घरात फुकटचं कुणी खाल्लेलं नाही. गावात तोंड कसं दाखवायचं? पैशांचं मी बघतो.’ सासूबाई रडत होत्या, हे कळवळत होते. मी परत बसले.

पैशांचं बघितलं म्हणजे काय, तर ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमची वीसातली नऊ हापूसची कलमं आडवी झाली होती, उरलेली अकरा पाच हंगामांसाठी एका व्यापाऱ्याला कराराने दिली. १,१०,००० मिळाले. बिल झालं १,३७,०००. वरचे मी बचत गटातून उचलले. एवढं करून हाड जुळलंच नाही, पू झाला, हाडाला बसवलेली प्लेट काढायची वेळ आली. दुसऱ्या वेळी मी कुणालाही विचारलं नाही. गाडी केली, सिव्हिलला गेले, आरोग्यमित्राच्या, म्हणजे दवाखान्यात योजनेचं काम बघणाऱ्या माणसाच्या, टेबलावर रेशनकार्ड आणि आधार ठेवलं. मंजुरी आली, ऑपरेशन झालं, बिल भरावं लागलं नाही. दर मे महिन्यात आमच्याच कलमांवरचा आंबा दुसऱ्याच्या क्रेटमध्ये भरला जातो आणि हे पडवीत बसून बघतात.

तेव्हा योजनेची मर्यादा दीड लाख होती. आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे आणि कार्डाचा रंगही आड येत नाही. मात्र आधी रोख भरून मग कार्ड दाखवलं तर भरलेले पैसे हाती येतील असं धरू नका. कार्ड पहिल्या दिवशीच दाखवायचं. ऑपरेशन योजनेत बसलं नाही तर मुख्यमंत्री सहाय्यता निधीला अर्ज करा. त्याला तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि दवाखान्याचं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं, आणि अर्ज उपचार चालू असतानाच करायचा. मोठ्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा गरिबांसाठी मोफत आणि १० टक्के सवलतीत ठेवाव्या लागतात. तिथल्या समाजसेवा विभागात जाऊन विचारा, आपण होऊन कुणी सांगत नाही.

वडिलांना कामावर असताना लागलं असेल तर मालकाला सोडू नका. कायद्याने भरपाई मागता येते (आमच्या वेळी त्यासाठी १९२३ चा कायदा होता), दावा दोन वर्षांच्या आत करायचा असतो. आमच्या मालकाने त्या महिन्याचा हिशोब देऊन विषय संपवला आणि भाऊजी म्हणाले, ‘मालकाशी वाकडं नको.’ कायदा मला कळला तेव्हा दोन वर्षं उलटून गेली होती.

आता व्हीलचेअर, कुबड्या अशा साधनांचं. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असल्याचं प्रमाणपत्र असेल आणि महिन्याचं उत्पन्न २२,५०० च्या आत असेल तर केंद्राच्या एडिप योजनेत साधन मोफत मिळतं. शिबिरात आम्हाला व्हीलचेअर दिली. मी हात जोडून घेतली, हीच माझी चूक. आमचं घर रस्त्यापासून खाली आहे, मध्ये त्रेचाळीस पायऱ्यांची जांभ्याची पाखाडी. व्हीलचेअर पडवीतून अंगणापर्यंत जाते, तिथून पुढे चौघांनी उचलायची. यांना हव्या होत्या कोपराला धरायच्या कुबड्या आणि पाखाडीला कठडा. त्याच कारणासाठी तीन वर्षं दुसरं साधन मिळत नाही, म्हणून कुबड्या विकत घेतल्या. कठड्यासाठी मी ग्रामसभेत उभी राहिले. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात, ते कुठे जातात एवढंच विचारलं. पहिल्या सभेत हसले. दोन पावसाळे गेले, मग कठडा झाला. आता त्याला धरून शेजारच्या दोन म्हाताऱ्याही चढतात.

भाऊजी वाईट नाहीत. त्या रात्री ते मिळेल त्या गाडीने निघून आले होते आणि आजही दर महिन्याला पैसे पाठवतात. पण ‘फुकटचं’ हा शब्द त्यांनी मागे घ्यावा, असं माझं अजून म्हणणं आहे. हे पंधराव्या वर्षापासून बोटीवर होते. काडेपेटीपासून डिझेलपर्यंत सगळ्यावर आमच्याकडून कर गेलेला आहे. मग सिव्हिलची ती खाट फुकटची कशी? तुमच्या वडिलांनीही हयातभर काम केलंय, तुमच्या घरी कुणी असं बोललं तर हे विचारा.

एक सांगायचं राहिलं. प्रत्येक दवाखाना योजनेत नसतो आणि प्रत्येक ऑपरेशनही नसतं, म्हणून तारीख घेण्याआधी आरोग्यमित्राला भेटा. आणि साधन घ्यायला वडिलांना सोबत न्या, घराच्या पायऱ्या मोजून जा. कुबडी असेल तर टोकाचं रबर पावसाळ्याआधी बदला. शेवाळावर झिजलेलं रबर टिकत नाही; आमचे हे एकदा त्याच पाखाडीवर पडलेत.